गुराख्याची देवी

विरारच्या डोंगरावरील जीवदानी देवीच्या दर्शनास नवरात्रात जो जनसमुदाय लोटतो, त्यात कष्टकरी मोठ्या संख्येने असतात. मुंबईच्या उपनगरांतून लोकलने येणारे कामगार, परिसरातील आगरी, कोळी, आदिवासी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया हजारांहून अधिक पायऱ्या चढून माथा गाठतात. या गर्दीवर अंधश्रद्धेचा शिक्का मारून तिच्याकडे पाठ फिरविण्याची सवय पुरोगामी वर्तुळात रुजली आहे. ही सवय घातक होय. देवस्थानाच्या आख्यायिकेत समाजाने आपले मन नोंदवून ठेवलेले असते, आणि ते वाचणे हे समाजपरिवर्तनाची आकांक्षा बाळगणाऱ्याचे पहिले काम आहे.

जीवदानीविषयी दोन कथा सांगितल्या जातात. पहिली पांडवांची. वनवासात शूर्पारक क्षेत्री आलेल्या पांडवांनी एकवीरा भगवतीचे पूजन करून या डोंगरातील गुहेत तिची स्थापना केली, अशी ही कथा. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे. महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रेत त्याचा उल्लेख येतो.

दुसरी कथा एका महार गुराख्याची आहे. कळपात रोज एक अनोळखी गाय चरून जाते, हे त्याच्या ध्यानी येते. मालकाचा शोध घेत तो तिच्यामागून डोंगर चढतो. माथ्यावर एक तेजस्वी स्त्री भेटते. तिच्याकडे तो राखणीचा मोबदला मागतो. ती त्याच्या हातावर काही ठेवू जाते, तोच तो मागे सरतो. आपण महार आहोत, आपल्याला शिवू नये, स्पर्शाने विटाळणार नाही असेच काही द्यावे, अशी विनवणी तो करतो. ती स्त्री देवी होती. ती प्रसन्न होते आणि त्याला सद्गती लाभते.

या कथेच्या काही रूपांत देवी गुराख्याच्या वर्णाश्रमधर्माच्या ज्ञानाची प्रशंसा करते. येथेच कथेवर उच्चवर्णीय हात फिरलेला दिसतो. श्रमाचा मोबदला मागणारा माणूस अखेरीस पारलौकिक फळावर समाधानी होतो, आणि आपली अस्पृश्यता आपल्याच तोंडून मान्य करतो. तरीही कथेचा गाभा पुसला गेलेला नाही. देवीचे दर्शन प्रथम घडले ते गुराख्याला. आणि हात पुढे केला तो देवीने. विटाळ तिला ठाऊक नव्हता. तो माणसांनी निर्माण केला होता.

हा विटाळ मोडण्यासाठी महाराष्ट्राला दीर्घ लढा द्यावा लागला. 1930 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कित्येक वर्षे झुंजूनही दार उघडले नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलासाठी प्राण पणाला लावले, तेव्हा ते मंदिर खुले झाले. 1950 साली संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. मात्र कायद्याने दार उघडले तरी कथेचा अर्थ आपोआप बदलत नाही.

या भूमीत आणखी जुना वारसाही आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषय यात्रा हाच आहे. मृगयेचे दौरे सोडून राजाने धर्मयात्रा आरंभिली. श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना साहाय्य आणि खेड्यापाड्यांतील जनतेशी संवाद हे तिचे स्वरूप होते. त्याच वर्षी त्यांनी उत्खनन केलेल्या स्तूपाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत असत. बौद्ध स्मृती लोपली, तरी लोकमानसाने राजा कल्पिला तो टोपल्या विणणाऱ्यांचा.

पांडवांची कथा सांगणारे पुष्कळ आहेत. गुराख्याची कथा मोबदल्याच्या मागणीसह आणि तिच्यातील कलंकासह सांगणारे थोडे. कार्यकर्त्यांनी ती पायऱ्या चढणाऱ्या माणसांशी बोलताना सांगावी. श्रद्धेची टवाळी करून हे साधणार नाही. देवीने पुढे केलेला हात गुराख्याला निःशंकपणे धरता यावा आणि त्याच्या श्रमाचे दाम त्याला याच जन्मी मिळावे, असा समाज उभा राहील तेव्हाच ही कथा पूर्ण होईल.