दंडावरची चकती आणि रोजा

रमजान जवळ आला की मधुमेह असलेल्या घरांत एकच प्रश्न येतो : अब्बांनी रोजे धरावेत का? अब्बा मात्र कोणाला विचारत नाहीत, सहरीला सरळ उठून बसतात. "मला काही होत नाही," म्हणतात. होत नाही की कळत नाही? मधुमेह जुना झाला की साखर उतरल्यावर येणारा घाम, थरथर ही लक्षणे अनेकांना जाणवेनाशी होतात.

अशांसाठी दंडाच्या मागे चिकटवायची, नाण्याएवढी चकती आता मिळते. तिची बारीक तार कातडीखाली काही मिलिमीटर जाऊन तिथल्या द्रवातली साखर मोजते आणि आकडा मोबाईलवर दिसतो. मुलीच्या, सुनेच्या मोबाईलवरही. हे रक्त नव्हे, म्हणून आकडा काही मिनिटे मागे असतो. एक चकती साधारण 14 दिवस चालते आणि स्वस्त नाही. पूर्ण महिना झेपत नसेल तर शाबानमध्ये एक लावावी, डॉक्टरांच्या परवानगीने एक-दोन नफल रोजे धरून पाहावेत आणि तो आलेख त्यांना दाखवावा. गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा त्यांनाच ठरवू द्याव्यात.

वुजूला अडचण नाही. हात कोपरापर्यंत धुतात, चकती त्याच्या वर असते. गुस्लबद्दल आपल्या आलिमांना विचारावे. त्या कुशीवर झोपले तर चकती दबून आकडा खोटाच कमी येतो. शंका आली तर बोट टोचून तपासावे. त्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक आलिम सांगतात.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे : साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा. मगरिबची अजान दहा मिनिटांवर असली तरी, असे आम्ही म्हणू. आजाऱ्याला सवलत सूरह बकरामध्येच आहे, ती घेण्यात कमीपणा कसला?

कातडीला न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांचा आणि अंगठ्यांचा सध्या सुळसुळाट आहे. अशा एकाही उपकरणाला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला होता. आखाताहून कुणी असे घड्याळ भेट आणले असेल तर अब्बांनी ते वेळ पाहण्यापुरतेच बांधावे.