स्वस्ताईचा हिशेब

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावरून ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ या ऑलिव्ह रिडले जातीच्या दोन मादी कासवांना, पाठीवर उपग्रहाशी संपर्क राखणारी यंत्रे बसवून, समुद्रात सोडण्यात आले. बागेश्री पुढे श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली आणि तिच्या प्रवासाचे वृत्तपत्रांतून यथास्थित कौतुक झाले. ते व्हावयासच हवे होते. परंतु ही कासवे ज्या पाण्यात वावरतात, त्याच पाण्यात नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, दोरखंड, पिशव्या आणि बाटल्याही फिरत असतात. त्यांच्या प्रवासाची नोंद कोणी ठेवत नाही आणि त्यांच्यावर मालकाचे नावही नसते. कासव कोठे गेले हे आज सांगता येते; पिशवी कोणी घडवली आणि तिचा शेवटचा भार कोणी वाहावयाचा, हा प्रश्न मात्र विचारलाच जात नाही.

या प्रश्नाचे मूळ प्लास्टिकच्या घडणीतच आहे. इथिलीन या वायूच्या रेणूत कार्बनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. तो बंध उघडला की एक रेणू दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जोडला जातो आणि हजारो दुव्यांची साखळी तयार होते. तीच पॉलिथीन. एकच घटक पुनःपुन्हा जोडून बनलेल्या अशा महारेणूंना ‘बहुवारिक’, म्हणजे पॉलिमर म्हणतात. बहुवारिके निसर्गालाही परकी नाहीत. कापूस, लाकूड, काथ्या यांतील सेल्युलोज ही ग्लुकोजच्या दुव्यांची साखळीच आहे. फरक इतकाच की, सेल्युलोजचे दुवे तोडणारी विकरे बुरशीने व जिवाणूंनी कोट्यवधी वर्षांत कमावली आहेत. पॉलिथीनची अखंड कार्बन-साखळी १९३३ मध्ये प्रथम इंग्लंडमधील प्रयोगशाळेत हाती आली. १९५३ मध्ये त्सीगलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती कमी दाबाखाली, स्वस्तात बनविण्याची युक्ती शोधली. शतकभरही न झालेल्या या पदार्थाला पचविण्याची सवय मातीला व पाण्याला कोठून असणार?

हा पदार्थ कोकणात आला तो कोणाच्या चैनीसाठी नव्हे. असगोली-वेलदूरच्या कोळ्याला सुताचे जाळे वरचेवर वाळवावे लागे, त्याला रंग द्यावा लागे, आणि तरीही ते कुजत असे. नायलॉनचे जाळे हलके, बळकट आणि न कुजणारे. पावसात लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीवरचे इरले जाऊन त्या जागी प्लास्टिकचा कागद आला. आगरातील पोफळीपर्यंत पाणी नेणारा पाट जाऊन पीव्हीसीची नळी आली. रुग्णालयातील सलाईनच्या नळीपासून विजेच्या तारेवरील आवरणापर्यंत या बहुवारिकांनी माणसाचे कष्ट आणि धोके कमी केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तेव्हा ‘प्लास्टिक हाच शत्रू’ अशी घोषणा देऊन सुंभाच्या युगात परतण्याचा उपदेश श्रमिकाला करण्यात अर्थ नाही. सलाईनची नळी आणि पाच मिनिटांत फेकली जाणारी पिशवी यांना एकाच तागडीत तोलणे हा विचार नव्हे, आळस आहे.

परंतु जो गुण जाळ्याला तारतो तोच समुद्राला मारतो. पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके, म्हणून तरंगते. नायलॉन आणि बाटलीचे पॉलिएस्टर समुद्राच्या पाण्याहून जड, म्हणून तुटलेले जाळे तळाकडे जाते. भरतीरेषेवर दिसणारा कचरा हा त्यामुळे एकूण कचऱ्याचा दर्शनी भाग होय. हरवलेले जाळे मालकावाचूनही मासे पकडतच राहते. त्यात कासवही अडकते आणि कोळ्याची उद्याची मासळीही. उन्हाने साखळ्या तुटतात, प्लास्टिक ठिसूळ होते, त्याचे कण होतात. पण कण झाले म्हणजे कुजले असे नव्हे. चिपळूण शहरातून वाहत येणारी वाशिष्ठी दाभोळच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. गुहागरच्या वाळूवर जे येऊन पडते, ते सारेच गुहागरने टाकलेले नसते.

येथे रसायनशास्त्र संपते आणि अर्थशास्त्र सुरू होते. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवून दिले होते की, उत्पादकाचा खाजगी खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत अंतर पडले की बाजारातील किंमत खोटे बोलू लागते. प्लास्टिकची पिशवी हे त्याचे चपखल उदाहरण. बॉम्बे हायच्या वायूवर उभा राहिलेला नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प सार्वजनिक क्षेत्रातील आयपीसीएलचा होता. २००२ मध्ये ती कंपनी रिलायन्सच्या हाती गेली. मालकी सार्वजनिक असो वा खाजगी, दाण्यांच्या किमतीत कच्चा माल, वीज, मजुरी आणि नफा धरला जातो. किनारा झाडण्याची मजुरी धरली जात नाही. ती देते नगरपंचायत, कोळ्याची वाया गेलेली खेप आणि कचरा वेचणाऱ्या बाईचे खोकणारे शरीर. स्वस्ताई म्हणतात ती हीच: एकाने वस्तू विकायची आणि तिचे बिल दुसऱ्याच्या दारात ठेवायचे. २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले आणि त्यातून निर्माण झालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. ‘पुनर्वापर करा’ असे पाकिटावर छापणाऱ्यांनी हा आकडाही शेजारी छापावयास हरकत नव्हती.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. पण दंड कोणाला होतो? पहिल्या गुन्ह्याला ५,००० आणि दुसऱ्याला १०,००० रुपये, ही रक्कम टोपलीत कोथिंबीर घेऊन बसलेल्या बाईची कित्येक दिवसांची कमाई आहे. दूधपिशवीवर ५० पैशांची परतावा-किंमत छापण्याची तरतूद त्याच अधिसूचनेत होती. ती रुजली नाही. उत्पादकाने आपल्या कचऱ्याची जबाबदारी घ्यावी असा केंद्राचा नियम आहे. पण ती जबाबदारी प्रमाणपत्रे विकत घेऊन पार पाडता येते, आणि अशी लक्षावधी प्रमाणपत्रे बनावट असल्याचे २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत उघड झाले. भाजीवालीची पिशवी हाताने जप्त होते, कारखानदाराची जबाबदारी मात्र कागदावर पार पडते. जागतिक पातळीवरही चित्र निराळे नाही. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत कराराचा संकल्प झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हातील वाटाघाटी करारावाचून संपल्या. उत्पादनावरच मर्यादा घालण्यास तेलसंपन्न राष्ट्रांचा विरोध, हे त्याचे एक मोठे कारण.

उपाय अज्ञात नाहीत. केरळात कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरावर २०१७ पासून मच्छीमारांनी जाळ्यात आलेले प्लास्टिक समुद्रात परत न टाकता धक्क्यावर आणण्यास सुरुवात केली. ते वेचून निवडण्याचे काम स्त्रियांना मजुरीवर मिळाले आणि त्याचा चुरा रस्त्यांच्या डांबरात गेला. कोकणातील धक्क्यांवर हे अशक्य का असावे? उत्पादकांकडून टनामागे आकार वसूल करून तो थेट किनाऱ्यावरील नगरपंचायतींना व ग्रामपंचायतींना द्यावा. बाटली व दूधपिशवीवरील परतावा-रक्कम सक्तीची करावी, म्हणजे उचलणाऱ्या हाताला दाम मिळेल. जुने जाळे मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत मोल देऊन परत घ्यावे आणि नव्या जाळ्यावर मालकाची खूण असावी. जाळी ओळखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीने २०१८ मध्येच मान्य केल्या आहेत. ज्या बहुपदरी पाकिटांचा पुनर्वापर होऊच शकत नाही, ती बनवण्याचीच परवानगी नसावी.

यामुळे वस्तू महागतील, असा आक्षेप निघेल आणि तो खरा आहे. थोड्या महागतील. पण तो खर्च आज होत नाही असे नाही. तो होतोच आहे, फक्त ज्याने नफा घेतला त्याच्याऐवजी तो असगोलीचा कोळी आणि गावची सफाई कामगार भरते आहे. किंमत कोणी तरी मोजणारच असेल, तर ती घेणाऱ्याच्या खिशातून जावी, एवढीच ही साधी न्यायाची मागणी आहे. शाळकरी मुलांच्या हाती हातमोजे देऊन वर्षातून एकदा किनारा झाडून घेतल्याने ती पुरी होत नाही. दुसऱ्या दिवशी भरती येतेच.