बाळाला लस, आईचे काय?

अमेरिकेत 2019 मध्ये पहिल्या खेपेच्या मातांमध्ये गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण दर हजार जन्मांमागे सुमारे 63 होते. भारतीय वंशाच्या मातांमध्ये ते 129, म्हणजे दुप्पट होते. ब्रिटनमध्ये तर दक्षिण आशियाई वंश हेच गर्भवतीच्या साखर तपासणीचे एक कारण मानले जाते.

हा दोष वंशाचा म्हणून हात झटकता येत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो भरले. आपल्या किडकिडीत बाळांत स्नायू कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. आनुवंशिकतेबरोबर आयांच्या पोषणाचाही यात वाटा आहे. अशी मुलगी मोठेपणी सडपातळ दिसली तरी साखरेपासून सुरक्षित नसते. गरोदरपणी तिची साखर वाढली की पोटातल्या बाळाचाही पुढचा धोका वाढतो.

म्हणून ‘अंगाने बारीक आहे, हिला कशाला तपासायचे’ हा हिशेब आपल्याकडे चुकीचा ठरतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना नेमके हेच सांगतात: प्रत्येक गर्भवतीची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांदरम्यान करावी. त्यासाठी उपाशी येण्याची गरज नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी साखर 140 किंवा त्याहून जास्त भरली, तर उपचार सुरू करायचे. वाडीवरून प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या बाईला ही पद्धत सोयीची आहे.

दुवा निसटतो तो बाळंतपणानंतर. साखर उतरते आणि घरच्यांना प्रश्न मिटला असे वाटते. प्रत्यक्षात या स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. सहा आठवड्यांनी तपासणी करण्याची सूचना आहे, पण तोवर बाळंतीण माहेरी असते आणि तिची नोंद सासरच्या आरोग्य केंद्रात.

मात्र सहाव्या आठवड्यात बाळाची लस असते आणि आई त्याला घेऊन येतेच. गरोदरपणी साखर निघालेल्या आईची तपासणी त्याच दिवशी, ती असेल त्या गावी व्हावी. दोन तास थांबावे लागेल हे खरे, पण त्यामुळे दुसरी खेप वाचेल. राज्याच्या आरोग्य खात्याने माता-बाल संरक्षण कार्डावर या तपासणीची तारीख लस-तारखेशेजारीच लिहिण्याचा आदेश काढावा.