संगणकाला आकडे कोण पुरवतं?

पृथ्वीची चुंबकशक्ती संगणकाला जाणवते का? नाही बुवा! त्याला कळतात फक्त आकडे. ते कोण आणून देतं, ते आज पाहू.

नवी मुंबईत, नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. पृथ्वी म्हणजे एक भलामोठा चुंबकच. त्याचा जोर सतत थोडाथोडा बदलतो. संगणक नव्हते तेव्हाही मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत तो मोजत. टांगलेल्या चुंबकाला आरसा लावलेला असे. दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि लिहून ठेवायचा. एरवी दर तासाला एकदा.

२ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेलं जबरदस्त चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. कुलाब्याच्या निरीक्षकांनी काय केलं? तासाची वाट न पाहता भराभर नोंदी घेतल्या! म्हणूनच सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण कागदावर उतरली. शास्त्रज्ञ आजही त्या नोंदी अभ्यासतात. हे का महत्त्वाचं? मार्च १९८९ मध्ये अशाच एका वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली होती.

आता तेच काम यंत्रं करतात. माहिती अशी टिपून घेण्याला म्हणतात ‘डेटा ॲक्विझिशन’. त्यातले गडी ओळखून घ्या:

सेन्सर : टांगलेल्या चुंबकाच्या जागी हा आला. चुंबकशक्ती बदलली की त्याच्यातून येणारा विजेचा दाब बदलतो.

ए-टू-डी कन्व्हर्टर : हा दुर्बिणीतून आकडा वाचणारा डोळा. विजेच्या दाबाचा आकडा करतो. ८ बिटांचा असेल तर त्याच्या पट्टीवर २५६ खुणा, १६ बिटांचा असेल तर ६५,५३६! खुणा जितक्या जास्त, तितकं माप बारीक.

सॅम्पलिंग : किती वेळाने आकडा घ्यायचा ते. तासाला एक घेतला, तर दिवसाचे २४. सेकंदाला एक घेतला, तर ८६,४००!

हार्ड डिस्क : ही वही. रॅम म्हणजे नुसती पाटी. वीज गेली की पुसली. म्हणून आकडे वहीत उतरवायलाच हवेत.

नॉइज : नको असलेली लुडबूड. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा चुंबकांना त्रास होणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली.

आता एक गंमत करा. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी ‘पाऊस आहे की नाही’ ते तुम्ही दर तासाला लिहा, ताईला किंवा दादाला दर पाच मिनिटांनी लिहू द्या. संध्याकाळी वह्या ताडून पाहा. किती सरी तुमच्या वहीतून निसटल्या?

निसटलेली सर कितीही महागडा संगणक परत आणू शकत नाही, बरं का! टिपायचं ते वेळेवरच टिपावं लागतं.