टाळी दोन हातांची, गुन्हा एकाचाच



एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की आपल्या ओट्यावर, वाडीत, लग्नाच्या पंगतीत पहिले वाक्य ठरलेले असते : "टाळी काही एका हाताने वाजत नाही." बोलणारा माणूस वाईट असतोच असे नाही. चार लोक बोलतात म्हणून तोही बोलतो. पण या एका वाक्याचा आपल्या सुरतेतच काय हिशेब झाला, तो आपण सगळ्यांनी एकदा नीट पाहिला पाहिजे.

१६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीच्या बसमध्ये एका मुलीवर सामूहिक बलात्कार झाला आणि महिना संपायच्या आत ती वारली. सारा देश रस्त्यावर आला होता. अशा वेळी, जानेवारी २०१३ मध्ये, आसाराम यांनी जाहीरपणे सांगितले की चूक एका बाजूने होत नसते. त्या मुलीने देवाचे नाव घ्यायला हवे होते, त्यांच्यातल्या एखाद्याला भाऊ म्हणून हात जोडायला हवे होते. टीका खूप झाली, पण सत्संगाचे मंडप काही रिकामे झाले नाहीत. सुरतेत त्यांना मानणारी घरे थोडीथोडकी नव्हती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरतच्या दोन बहिणी पोलिसांकडे गेल्या. थोरलीची फरियाद आसाराम यांच्याविरुद्ध होती, अहमदाबादजवळच्या मोटेरा आश्रमातली. धाकटीची त्यांचा मुलगा नारायण साई याच्याविरुद्ध, आपल्या जहांगीरपुऱ्याच्या आश्रमातली. या मुलींनी त्या लोकांना भाऊ नव्हे, बापू आणि गुरू म्हटले होते. हातही रोज जोडले होते. मग त्या वाचल्या का?

एप्रिल २०१९ मध्ये सुरतच्या सेशन्स कोर्टाने नारायण साईला जन्मठेप दिली. त्याला मदत करणाऱ्या तिघांना दहा-दहा वर्षे दिली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. जानेवारी २०२३ मध्ये गांधीनगरच्या कोर्टाने थोरल्या बहिणीच्या खटल्यात आसाराम यांनाही जन्मठेप दिली. वरच्या कोर्टात जाण्याचा हक्क आरोपींना आहेच. पण साक्षी-पुरावे तपासून दोन वेगवेगळ्या कोर्टांनी सांगितले की गुन्हा झाला आणि तो करणारे हेच.

"इतकी वर्षे गप्प का होती?"

या बहिणींना सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हा. घटना २००१ नंतरच्या, फरियाद २०१३ ची. पण या प्रश्नाचे उत्तर त्या मुलींकडे नाही, आपल्याकडे आहे. ज्याच्या पायाशी मोठमोठे पुढारी बसतात, त्याच्याविरुद्ध विशीतली मुलगी बोलली असती तर आपण तिचे ऐकले असते का? आई-वडिलांनीच तोंड दाबले असते. "कोणाला सांगू नकोस, पुढे लग्न व्हायचे आहे." आधी आपणच तिला गप्प बसवायचे आणि दहा वर्षांनी विचारायचे, गप्प का बसलीस! आणि बोलल्यावर काय होते तेही आपण पाहिले. या खटल्यांतल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. असे असून त्या बहिणी मागे हटल्या नाहीत. लाज कोणाची आणि हिंमत कोणाची, हे यावरून ठरवा.

गप्प राहणे म्हणजे हो म्हणणे नव्हे

हा धडा देशाला मिळाला तो आपल्या महाराष्ट्रातूनच. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका मजूर आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच पोलिसांनी अत्याचार केला. तिच्या घरची माणसे बाहेर उभी होती. १९७४ मध्ये सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडले आणि त्या मुलीलाच खोटारडी ठरवले. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. भीतीने शरण जाणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे हायकोर्टाचे म्हणणे होते. पण सुप्रीम कोर्टाने पुन्हा दोघांना सोडले. कारण काय? अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही.

विचार करा. रात्रीची वेळ, बंद ठाणे, समोर खाकी वर्दी. ती पोर कोणाच्या नावाने ओरडणार होती? पोलिसांच्याच?

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी देशाच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून हाच सवाल केला. त्यातून गावोगाव बायका उठल्या, मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस ठाण्यासारख्या ताब्यातल्या जागी अत्याचार झाला आणि स्त्रीने संमती नव्हती म्हटले, तर कोर्टाने तसे मानूनच चालावे असे ठरले. पीडितेचे नाव छापणे गुन्हा झाला. देसाईगंजच्या त्या मुलीचे नाव कायद्याच्या पुस्तकांत आहे. आम्ही ते इथे मुद्दाम देत नाही.

पुढे २०१३ मध्ये कायद्याने संमतीचा अर्थच लिहून ठेवला. स्त्रीने शब्दाने, खुणेने किंवा अन्य रीतीने, स्वतःच्या खुशीने, त्या कृत्याला स्पष्ट होकार दिला तरच संमती. तिने अंगाने झटापट केली नाही, एवढ्यावरून संमती धरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हेच आहे. तिचे पूर्वी कोणाशी संबंध होते का, हा प्रश्न कोर्टात चालत नाही. तपासणीच्या नावाखाली होणारी 'दोन बोटांची चाचणी' करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये बजावले. कोर्टाने जे प्रश्न बंद केले, ते आपल्या ओट्यावर अजून का चालू आहेत?

व्यापाऱ्याच्या भाषेत

आपल्यापैकी पुष्कळांच्या दोन-तीन पिढ्या रिंग रोडच्या मार्केटात आणि उधना-पांडेसऱ्याच्या खात्यांत गेल्या. आपण विश्वासावर माल उधार देतो. उद्या पार्टी उठमणे करून पळाली, तर कोणी असे म्हणते का, की तुम्ही माल हाताने दिला म्हणजे दानच केला? तुमचा भोळेपणा काढतील, पण चोर त्यालाच म्हणतील. मग मुलगी कोणाबरोबर चहाला गेली, फोनवर बोलली, गाडीवर बसली, म्हणजे तिने सगळेच दिले, हा हिशेब कुठला? एका गोष्टीला दिलेला होकार दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. आज दिलेला होकार उद्या लागू होत नाही. चेकवर सही एकाच रकमेची असते.

कोणी म्हणेल, "मुलींना सांभाळून राहा एवढेही सांगायचे नाही का?" सांगा, जरूर सांगा. पण काळजी घटनेच्या आधी सांगायची असते. घटनेनंतर तेच शब्द काळजी राहत नाहीत, तो निकाल होतो, आणि तोही चुकीच्या माणसावर. शिवाय सरकारी आकडे वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या दर शंभर फरियादींत नव्वदाहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो : नातलग, शेजारी, मालक, मित्र, लग्नाचे वचन देणारा. अंधारातल्या परक्या माणसापासून सांभाळायला सांगून काय उपयोग, जर धोका घरी चहा पिऊन जात असेल?

दुसरा म्हणेल, "खोट्या केसेस होतात त्याचे काय?" आरोपीला वकील मिळतो, उलटतपासणी होते, पुरावा नसेल तर तो सुटतो. तेच कोर्टाचे काम आहे आणि ते झालेच पाहिजे. पण फरियाद तपासणे वेगळे आणि मुलीची चाल तपासणे वेगळे. आपल्या गुजरातमधूनच गेलेल्या एका खटल्यात १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटले आहे की दुसऱ्या पुराव्याचा आधार नाही म्हणून पीडितेची साक्ष नाकारणे म्हणजे जखमेवर अपमानाची भर घालणे होय.

रांझ्याच्या पाटलाची गोष्ट आपण दर शिवजयंतीला सांगतो. महाराजांनी पाटलाला शिक्षा केली, म्हणून टाळ्या पडतात. त्या बाईने काय नेसले होते, ती कोणत्या वेळी बाहेर पडली होती, हे आजवर एका तरी वक्त्याने विचारले आहे का? मग शिवजयंतीच्या मंडपात जी अक्कल असते, ती घरी येईपर्यंत कुठे जाते?

आता काय करायचे

पहिले, असे प्रकरण समाजाच्या पंचांनी "घरातल्या घरात" मिटवू नये. माफीनामा, पैसे किंवा त्याच माणसाशी लग्न, हा न्याय नाही. मंडळाने तसा ठरावच करावा.

दुसरे, कुटुंबाला कायदा माहीत हवा. फरियाद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण चालत नाही. ती न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यावरच गुन्हा होतो. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. सरकारी असो की खासगी, दवाखान्याला उपचार लगेच आणि मोफत द्यावे लागतात. गुजरातमध्ये १८१ अभयम हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

तिसरे, मते मागायला जे आपल्या लिंबायत, डिंडोली, उधन्यात येतात, पक्ष कोणताही असो, त्यांना विचारा : अशा वेळी तुम्ही ठाण्यात मुलीच्या बाजूने येता की आरोपीला सोडवायला? आणि अत्याचाराच्या आरोपीला हार घालणाऱ्याला आपल्या गणपतीच्या स्टेजवर खुर्ची देऊ नका.

चौथे, मुलांना शिकवा. आपण मुलींना शिकवून शिकवून थकलो. मुलग्याला एकदा बसवून सांगा की नाही म्हणजे नाही, आणि गप्प म्हणजेही नाही.

टाळी वाजवायला दोन हात लागतात हे खरे. पण थोबाडीत मारायला एकच लागतो, आणि ती कोणी मारली हे विचारायला कोणाला अडचण पडत नाही. यापुढे आपल्यात कोणी ते टाळीचे वाक्य काढले, तर वयाचा मान ठेवून, पण चारचौघांत, त्याला तिथेच थांबवा.