विश्लेषण : सूर्यगर्भाहून तप्त, तरीही द्रव! अणुकेंद्रांच्या टकरीतला ‘प्रवाह’ काय सांगतो?

बर्फ तापवला की पाणी, पाणी तापवले की वाफ. भौतिकशास्त्रज्ञांची अपेक्षाही याच धाटणीची होती. अणुकेंद्र पुरेसे तापवले, तर आतले क्वार्क आणि ग्लुऑन वायूच्या कणांसारखे सुटे होतील, असे अनेकांना वाटत होते. प्रयोगाने वेगळेच उत्तर दिले.

प्रयोग काय होता?

अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत २००० मध्ये ‘रिक’ हा कोलायडर सुरू झाला. त्यात सोन्याची अणुकेंद्रे जवळपास प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवली गेली. तापमान पोहोचले सुमारे ४ लाख कोटी अंश सेल्सिअसवर, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या अडीच लाख पट! महास्फोटानंतर पहिले काही मायक्रोसेकंद विश्व अशाच अवस्थेत होते.

प्रवाह ओळखला कसा?

हा पदार्थ क्षणार्धात नाहीसा होतो. हाती लागतात ते बाहेर फेकलेले हजारो कण. अणुकेंद्रे थोडी बाजूने आदळली, तर एकमेकांवर आलेला भाग सोललेल्या बदामासारखा लांबट असतो. कणांचा एकमेकांशी संबंध नसता, तर ते सगळीकडे सारखेच विखुरले असते. प्रत्यक्षात बदामाच्या आखूड बाजूने जास्त कण निघाले, कारण तिथे दाब कमी अंतरात झपाट्याने उतरतो. म्हणजे कण एकत्र वाहत होते. अंतर्गत घर्षण जास्त असते, तर ही खूण पुसट झाली असती. म्हणूनच २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी याला ‘जवळजवळ आदर्श द्रव’ म्हटले.

मग प्रश्न संपला?

नाही. युरोपातील ‘सर्न’मध्ये २०१० साली शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरींतही प्रवाह दिसला. पण त्याच वर्षी ‘सीएमएस’ प्रयोगाला, भरपूर कण निघालेल्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरींतही तशाच खुणा आढळल्या. इतक्या चिमुकल्या टकरीत द्रव तयार होतो, की खुणेचे कारणच दुसरे? यावर अजून एकमत नाही.

आपला संबंध काय?

भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. अशा टकरी अभ्यासणाऱ्या ‘ॲलिस’ प्रयोगात आयआयटी मुंबईही आहे. त्यामुळे ‘या खर्चाचा उपयोग काय?’ हा प्रश्न रास्तच. पण उत्तरादाखल नव्या उपकरणांचे आमिष दाखवणे प्रामाणिकपणाचे नाही. वायूची अपेक्षा पुराव्यापुढे मागे पडली. आता द्रवाच्या स्पष्टीकरणालाही तीच कसोटी लागते आहे. आपल्याच उत्तराची अशी उलटतपासणी करणारे विज्ञान हवे असेल, तर त्यासाठी पैसे मोजायलाच हवेत.