वरच्या खुणेच्या वर की खुणेपर्यंत?

पनवेलजवळच्या नेऱ्याहून निघालेली जुनी होंडा सिटी व्हीटेक द्रुतगती मार्गाने बोरघाट चढते आणि तळेगावजवळच्या नाणोली स्पीडवेवर उतरते. २००० ते २००३ या काळात विकली गेलेली ही गाडी मुळात रस्त्यासाठी बनलेली. ट्रॅकवर नेताना तिच्या इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये ऑइल किती असावं, यावर जाणत्या मेकॅनिकांतही दोन मतं आहेत आणि दोन्हींना अनुभवाचा आधार आहे.

एक मत असं, की डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा अर्धा लिटर जास्त भरावं. लांब वळणावर वेगात असताना ऑइल चेंबरच्या एका कडेला सरकतं, पंपाच्या तोंडाचा स्ट्रेनर उघडा पडतो आणि पंप हवा ओढू लागतो. क्रँक आणि बेअरिंगमधला ऑइलचा थर तुटला की धातू धातूला घासतो. त्यात जुनं इंजिन ऑइल पितं; सकाळची पातळी दुपारी राहत नाही.

दुसरं मत असं, की वरच्या खुणेपर्यंतच भरावं. जास्तीचं ऑइल फिरत्या क्रँकला लागलं, तर ते घुसळून फेसाळतं. फेस दाब धरत नाही, म्हणजे जे टाळायचं तेच पुन्हा समोर येतं. ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये जातं, जुनी सीलं गळतात आणि ट्रॅकवर सांडलेलं ऑइल मागून येणाऱ्याला घसरवतं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण तिथे धोका फक्त आपल्या इंजिनाला नसतो.

घट्ट ऑइलबद्दलही अशाच दोन बाजू आहेत. झिजलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० टाकलं की ऑइलच्या दाबाच्या मीटरचा काटा वर राहतो आणि तापल्यावर तो घट्टपणा खरोखर उपयोगी पडतो. दुसरीकडे, काटा दाब दाखवतो, प्रवाह नाही. थंड इंजिनात घट्ट ऑइल वरपर्यंत उशिरा पोचतं. व्हीटेकच्या रॉकरमधल्या पिना तर ऑइलच्या दाबावरच सरकतात.

माझा कल वरच्या खुणेपर्यंतच भरण्याकडे आहे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून डिपस्टिक पाहावी आणि ट्रॅकवरून आत आल्यावर दर वेळी पुन्हा पाहावी. पैसे खर्चायचे तर आधी दाबाच्या मीटरवर. कंपनीचा लाल दिवा लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. काटा ठरावीक वळणावरच पडत असेल, तर ऑइल सरकतंय. मग ते अडवायला चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, बसवावेत. तापल्यावर सरळ रस्त्यावरही तो खाली राहत असेल, तर झीज तपासावी, नुसतं ऑइल घट्ट करून ती झाकू नये.

अर्थात बॅफलसाठी चेंबर उतरवावा लागतो, आणि क्वचितच ट्रॅकवर जाणाऱ्याला तो खर्च जड वाटणं रास्त आहे. त्याने खुणेच्या किंचित वर ऑइल ठेवलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही; फक्त काटा पडतो त्या वळणावर त्याने वेग कमी ठेवावा.